पेटारीवरचा ढालकिडा

गुरुपादप्पा हालगे यांना जगातल्या बहुतेक माणसांची कीव यायची आणि उरलेल्यांचा राग. कीव कशाची, तर लाल पाठीवर काळे ठिपके दिसले की ही माणसं बोट दाखवून "ढालकिडा" म्हणतात आणि मोकळी होतात, याची. अहो, ढालकिडा म्हणजे काय बालवाडीच्या भिंतीवरचं चित्र आहे? त्यात पिवळे असतात, काळे असतात, बिनठिपक्यांचे असतात. आणि जे खरे अवघड ते तर मोहरीएवढे, मातकट, अंगावर बारीक लव असलेले. बांधावरच्या, ओढ्याकाठच्या रानझाडांवर मावा नाहीतर पिठ्या ढेकूण असली रस शोषणारी कीड खात ते आयुष्य काढतात, आणि शंभरातली नव्याण्णव माणसं त्यांना धूळ समजून झटकून टाकतात. शंभरातला जो एक उरला तो म्हणजे आपण, असं गुरुपादप्पांचं पक्कं मत होतं. या मताला लातुरात दुसरा अनुमोदक नव्हता, पण त्यांना त्याची गरजही वाटत नसे.

लातूरच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे उदगीरचे. सासुरवाडी गंजगोलाईत, डाळींच्या अडतीचं दुकान. मेहुणा सिद्रामप्पा सणाला ताटावर बसला की ठरलेला प्रश्न विचारायचा, "काय दाजी, औंदा किड्याला भाव काय?" सगळी पंगत हसायची. बायको शिवकांतासुद्धा पदराआड हसायची. गुरुपादप्पा पोळीचा घास हातात धरून मनात म्हणायचे, गाढवाला गुळाची चव काय. मनातच म्हणायचे, कारण राहतं घर सासऱ्यानं बांधून दिलेलं होतं.

त्यातच लातूर जिल्हा झाला. ब्याऐंशीचा पंधरा ऑगस्ट. कालपर्यंत एकेका दाखल्यासाठी उस्मानाबादेला हेलपाटे घालणारी माणसं एका रात्रीत जिल्हास्तरीय झाली. जिल्हास्तरीय समिती, जिल्हास्तरीय भजन स्पर्धा, जिल्हास्तरीय सत्कार. एका न्हाव्यानं तर दुकानावर "जिल्हा केशकर्तनालय" अशी पाटीच ठोकली. पाऊस मात्र तालुक्यापुरताही पडेना. चौऱ्याऐंशी साली मृग कोरडा गेला, श्रावणात चार शिंतोडे आले, आणि पोळ्याला बैल धुवायला पाणी टँकरचं घ्यावं लागलं. गुरुपादप्पांना या जिल्हास्तरीय लोकांची चीड होती. आपल्याला अजून कोणी जिल्हास्तरीय म्हटलं नाही, याची चीड त्याहून जास्त होती.

कॉलेजात झाडलोटीला धोंडाबाई होती. रोजंदारीवर. प्रयोगशाळा झाडणं, बरण्या धुणं, किड्यांची खोकी पुसणं, बारा वर्षं हेच काम. गुरुपादप्पांनी तिला रिकाम्या काडेपेट्या देऊन ठेवल्या होत्या. सरपणाला रानात गेली की ती काही ना काही काडेपेटीत घालून आणायची. खोक्यांतले निम्मेअधिक किडे तिनं आणलेले होते. पण प्रत्येक किड्याखाली टाचणीला जी कागदाची चिठ्ठी असते, कुठे सापडला, कशावर सापडला, कोणी पकडला, त्या चिठ्ठ्यांवर नाव एकच होतं. गु. शि. हालगे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. गुरुपादप्पांना मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खाणीतून दगड काढणारा मूर्तीवर आपलं नाव घालतो का, असं त्यांचं म्हणणं.

भाद्रपदातल्या एका दुपारी धोंडाबाईनं काडेपेटी टेबलावर ठेवली.

"सर, ह्यो येगळाच वाटून राहिला," ती म्हणाली. "वढ्याकडं घावला. पेटारीवर. पोरं न्हाई का त्या झाडाच्या फळाचे शिक्के मारतेत, तीच. थितं पांढरं पांढरं लई हाय."

"ठेव तिथं," गुरुपादप्पा भिंगातून मान वर न काढता म्हणाले.

"अन् त्या पांढऱ्यातली काही बसून ऱ्हातेत, काही चालतेत. चालणारी बसणारीला खातेत."

"धोंडाबाई, तू झाडू मार. कोण कुणाला खातं ते मी बघतो."

ती झाडू मारायला गेली. काडेपेटी संध्याकाळी उघडली गेली, आणि उघडल्यावर मात्र गुरुपादप्पा चहा प्यायचे विसरले. किडा मोहरीएवढाच, तपकिरी, लव असलेला. तसे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण या घराण्यातल्या किड्यांच्या पोटाच्या पहिल्या वळीवर एक बारीक कमान असते, तिच्यावरून त्यांची जात लावतात. या किड्याची कमान पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळेना. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. दिवा जवळ ओढला, पुन्हा पाहिलं. किडा तोच आणि कमानही तीच. हा आजवर कुणी पाहिलेला नाही, असं त्यांच्या मनात आलं.

नवा किडा सापडला की त्याला नाव देतात. पुष्कळदा शोधून काढणाऱ्याचंच देतात. हालगे हे नाव लॅटिन शेपूट लावून जगातल्या पुस्तकांत छापलं जाईल, माणूस मेला तरी नाव मरणार नाही. बारा वर्षं ज्याची टिंगल झाली त्याचं सोनं होईल. गुरुपादप्पांना त्या वेळी दुसरं काही नको होतं. बढती नको, पगार नको. त्यांना फक्त सिद्रामप्पाच्या तोंडावर ते पुस्तक उघडून ठेवायचं होतं.

मग चिठ्ठी लिहायला घेतली. कुठे? कशावर? कोणी? पेन थांबलं. बाई काहीतरी म्हणाली होती खरी. ओढा की बांध, कुठलंसं झाड. तिला बोलावून विचारायला फार तर दोन मिनिटं लागली असती, ती व्हरांड्यातच बादली पिळत होती. पण झाडूवालीला हाक मारून "बाई, माझा किडा मला कुठे सापडला" असं विचारणार कोण? खिडकीतून समोर कॉलेजच्या कुंपणाची रुईची ओळ दिसत होती. दुष्काळातही हिरवीगार, मावा पडलेली. ढालकिडे रुईवर असतातच. गुरुपादप्पांनी लिहिलं: रुईवर, कॉलेज परिसर, लातूर. संग्राहक गु. शि. हालगे. अक्षर मोत्यासारखं होतं.

पुढच्याच आठवड्यात नांदेडला प्राध्यापकांचं संमेलन भरलं. गुरुपादप्पा पहाटेची एसटी धरून, अहमदपूर-लोह्याची धूळ खात गेले. तिथं ज्ञानोबा गजभारे नावाच्या एका तरुण व्याख्यात्यानं निबंध वाचला. अर्धापूरकडच्या केळीच्या बागांभोवती जी रानझाडं आहेत, त्यांच्यावरचे बारीक ढालकिडे. पोरगा मन लावून सांगत होता. एका काळ्या किड्याचं नाव त्यानं सांगितलं, तसे गुरुपादप्पा मागून उठले.

"पोट उघडून पाहिलंत?"

"नाही सर. भिंगातून पाहिलं."

"म्हणजे वरून. लांबून. गजभारे, तुम्ही व्याख्याते आहात की कुडमुडे ज्योतिषी? चेहरा बघितला की कुळी सांगितली."

सभागृह हसलं. त्या हसण्यानं गुरुपादप्पांना घरच्या पंगतीचं हसणं परत केल्यासारखं वाटलं. गजभारे मात्र चिडला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "सर, पोट कसं उघडायचं ते दाखवाल का मला? इथं कुणाला येत नाही."

"माझी गाडी आहे," गुरुपादप्पा म्हणाले आणि पिशवी काखेत मारून निघाले. गाडीला दोन तास होते. ते त्यांनी नांदेडच्या स्टँडवर बाकड्यावर बसून, आपलंच वाक्य मनात घोळवत काढले. परत आल्यावर त्यांनी तो एकुलता एक किडा कापसात गुंडाळून दिल्लीच्या एका मोठ्या तज्ज्ञांकडे पाठवला, आणि सोबत आपल्या खोक्यांतल्या चारशे किड्यांची यादीही जोडली. हे तज्ज्ञ बोलले की किड्याचं नाव ठरायचं.

मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन गल्लीत वळला की गुरुपादप्पा ओट्यावर. सिद्रामप्पा म्हणायचा, "दाजी, दिल्लीहून बोलावणं येऊन राहिलंय वाटतं."

बोलावणं आलं, पण दिल्लीहून नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत एक सरकारी जीप थेट दारात येऊन उभी राहिली. गल्लीतली पोरं जमली, बाया दारांत आल्या. फराळाला आलेला सिद्रामप्पा चकली हातात धरून ओट्यावर थबकला. जीपमधून एक साहेब उतरले. म्हणाले, गावाबाहेर ओढ्याकाठी नव्या कचेरीची जागा ठरली आहे, भूमिपूजनाला बडी मंडळी येणार, आणि नेमकं तिथल्या रानझाडांना पांढरं काहीतरी लागलंय. शेजारचे शेतकरी ओरडतात की आमच्या रानात येईल. "तेव्हा जिल्ह्याचे कीटकतज्ज्ञ म्हणून आपलं मत पाहिजे."

जिल्ह्याचे कीटकतज्ज्ञ. गुरुपादप्पांनी लग्नातला कोट काढला. शिवकांतानं झटकून दिला. जीपमध्ये पुढची जागा त्यांना दिली, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं.

जीप ओढ्याच्या वरच्या रस्त्यावर थांबली. खाली तीस-चाळीस पावलांवर ओढा, ओढा कसला, गोटे आणि वाळू. काठाला वाळलेली रानझाडं आणि त्यांच्यात अजून हिरवी पेटारी, पानांवर पीठ शिंपडावं तसं पांढरं. रोजगार हमीच्या बाया विळे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात धोंडाबाई होती. सुट्टीत कॉलेज रोजंदारी देत नसे, म्हणून ती या कामावर लागली होती. गुरुपादप्पांनी जीपच्या खिडकीतून डोळे बारीक करून पाहिलं. पांढरं होतं, पानावर होतं.

"पिठ्या ढेकूण," ते म्हणाले. "जाळून टाका."

खालून आवाज आला. "सर, जरा खाली या की. ह्येच ते, भादव्यात दिलेले. पेटारीवरचे. भिंग लावून बघा एकडाव."

गुरुपादप्पांचा पाय एक क्षण जीपच्या पायरीकडे गेला. खरंच गेला. पण उतरायचं म्हणजे काट्यातून कोट सांभाळत उतरायचं, आणि वाकायचं, आणि एका झाडूवालीच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा बघायचं, आणि तेही साहेबांच्या समोर. तज्ज्ञ कुठे दोनदा बघतो?

"ओळखीची बाई आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडे झाडायला असते," गुरुपादप्पा म्हणाले, आणि खिडकीतून आवाज चढवून, "बाई, हातातलं काम करा."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते असं. त्यांनी मांडीवर कागद ठेवून मत लिहून दिलं, सही केली, सहीखाली "कीटकतज्ज्ञ, जिल्हा लातूर" असंही घातलं. तीन दिवस ओढ्याकाठ जळत होता. सिद्रामप्पानं त्या दिवाळीत पहिल्यांदा दाजींना बसायला खुर्ची ओढून दिली, आणि गुरुपादप्पांना वाटलं, आपले दिवस आले.

दिल्लीचं पत्र पौषात आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं, दोन पानी. गुरुपादप्पांनी ते दार लावून वाचलं. आपला किडा आमच्याकडच्या कुठल्याही किड्याशी जुळत नाही, असं पत्र म्हणत होतं. नवा असण्याची फार शक्यता आहे. परंतु आपण पाठवलेली मादी आहे आणि मादीवरून या किड्यांचं नाव ठरत नाही, त्यासाठी नराचं पोट उघडून पाहावं लागतं. तरी त्याच जागेवरून, त्याच झाडावरून नर पाठवावेत. जमल्यास अळ्याही. या अळ्या अंगावर पांढरं मेण बाळगतात, त्यामुळे अजाण माणसं त्यांना पिठ्या ढेकूण समजतात आणि मारून टाकतात. आपल्यासारख्यांना हे सांगायला नकोच.

हे शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. तीनदाही अजाण माणसं तिथंच होती.

पत्राच्या खाली आणखी चार ओळी होत्या. नांदेडचे ज्ञानोबा गजभारे गेले काही महिने माझ्याकडे पत्रानं शिकत आहेत, दिवाळीत इथं येऊन पोट उघडायचं शिकून गेले. मुलगा कष्टाळू आहे. त्यांना येत्या रविवारी आपल्या मदतीला पाठवतो आहे. झाड आणि जागा त्यांना दाखवावी.

गुरुपादप्पा कोट न घालता, पायी, ओढ्याकाठी गेले. पाया खणून झाला होता. मुरमाचे ढीग, गिट्टी, चुन्याच्या फक्क्या. पेटारीचं एक वाळलेलं देठसुद्धा नव्हतं. त्यांनी दगड उलटून पाहिले, राख बोटांनी चिवडली. मजूर हसायला लागले. "मामा, काय हरवलं?" एकानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत धोंडाबाई घमेलंभर पाण्यात पंचवीस बरण्या धूत होती.

"धोंडाबाई, भादव्यातला तो किडा. कुठं सापडला म्हणालीस?"

"वढ्याला. पेटारीवर. सांगितलं हुतं की."

"तोच ओढा का?"

"त्योच. जाळला न्हाई का तुमी सांगून? मी बी हुते, माझं नाव हाय मस्टरवर." तिच्या आवाजात राग नव्हता. भांडं घासताना बोलावं तशी ती बोलत होती.

"एखादी काडेपेटी तुझ्याकडे उरलीय का? घरी? दोन-चार ठेवले असशील."

"ठिवून काय करू, सर? चिठ्ठीवर तर तुमी रुई लिवली. अन् नाव तुमचं."

गुरुपादप्पांचा हात टेबलाच्या कडेवर गेला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगंल कोण? चौथी पास हाय मी. बारा वर्सं खोकी पुसून राहिले, वाचते बी."

मोहरीएवढ्या किड्याच्या पोटावरची कमान ज्यांना वाचता येत होती, त्या गुरुपादप्पांना बारा वर्षांत हे कळलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. त्यांना शरम वाटली की नाही, देव जाणे. भीती वाटली, ती मात्र नक्की. कारण आता रस्ते दोनच होते. रविवारी गजभारेला खरं सांगायचं, म्हणजे चिठ्ठी खोटी, आणि एक चिठ्ठी खोटी ठरली की बारा वर्षांची खोकी गोळा करून उकिरड्यावर टाकायची. नाहीतर रुईला चिकटून राहायचं. रुईवर काही सापडणार नाही, मग दुष्काळ आहेच. त्या वर्षी जिल्ह्यात जे जे चुकलं ते दुष्काळाच्या माथी मारलं गेलं होतं. त्यात एका किड्याची भर पडली तर कोण विचारणार?

रविवारी गजभारे आला. पायांत टायरच्या चपला, खांद्याला झोळी, हातात पांढऱ्या कापडाची छत्री. ती उलटी धरून तो झाड झटकायचा आणि पडलेले किडे टिपायचा. शिवकांतानं चहा दिला. तो गुरुपादप्पांना म्हणाला, "सर, नांदेडला तुम्ही बोललात ते बरं झालं. त्या रात्रीच दिल्लीला पत्र लिहिलं. नाहीतर मी आयुष्यभर वरूनच बघत राहिलो असतो."

यात टोमणा आहे का, हे गुरुपादप्पांनी नीट पाहिलं. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्यांना उत्तर देता आलं असतं.

प्रयोगशाळा उघडायला धोंडाबाईला बोलावलं होतं. ती पायरीवर बसली. गुरुपादप्पा लिंबाखाली छत्री उघडून उभे राहिले, आणि गजभारे रुईच्या ओळीला भिडला. एक एक पान उलटून, देठाच्या बेचक्यात भिंग घालून तो पाहत होता. पौषाचं ऊनही त्या वर्षी चैत्रासारखं होतं. तासभरानं तो घाम पुसत आला.

"सर, पिवळा मावा आहे, मोठे ढालकिडे आहेत. हे बारीक नाहीत. रुईच ना नक्की?"

"चिठ्ठीवर काय आहे?"

"रुई."

"मग?"

"मग रुईच," गजभारे म्हणाला आणि परत गेला.

धोंडाबाईनं गुरुपादप्पांकडे पाहिलं. त्यांनी छत्री थोडी तिच्या बाजूला कलती केली. आता सांगावं, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण गजभारेच्या त्या "मग रुईच" मध्ये इतका विश्वास होता की तो मोडण्यापेक्षा त्याला उन्हात राबू देणं सोपं वाटलं. माणूस असा असतो. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "जपून हं, चीक असतो."

चीक असतोच. पान तुटलं की दुधासारखा ओघळतो. गजभारेची बोटं चिकानं बरबटली होती, आणि दुसऱ्या तासाला कधीतरी त्यानं त्याच बोटांनी डोळ्यातला घाम पुसला. आधी त्याला काही वाटलं नाही. मग भिंग लावून बघतो तर पान दिसेना, नुसतं धुकं. तो तिथंच खाली बसला.

"सर," तो म्हणाला, "मला दिसून नाही राहिलं."

गुरुपादप्पा जागचे हलले नाहीत. हलली ती धोंडाबाई. तिच्या प्यायच्या पाण्याचा तांब्या पायरीवर होता, टँकरवर दोन तास उभं राहून मिळालेलं पाणी. ते सगळं तिनं त्याच्या डोळ्यावर धार धरून ओतलं. पापण्या बोटांनी फाकवून ओतलं. डोळा लालभडक झाला होता. त्यात भिजलेल्या पदराच्या टोकानं तिनं त्याची बोटं एकेक करून पुसली.

"बास करा आता," ती म्हणाली. "रुईवर न्हाई ते."

गजभारेनं एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"पेटारीवर हुतं. वढ्याला. मी आणलेलं काडेपेटीत. त्या पांढऱ्या अळ्या बी त्यांच्याच. वढा जाळला दिवाळीत, सरांनी कागद दिला तसा."

गजभारे गुरुपादप्पांकडे वळला. गुरुपादप्पा म्हणाले, "त्याचं काय आहे, या दुष्काळामुळे..." त्यांना वाटलं, आता हा बोलेल. नांदेडच्या भरल्या सभागृहातलं आपलंच वाक्य आपल्याला परत करेल.

त्यानं मात्र झोळीतून वही काढली, रुई या शब्दावर रेघ मारली, आणि एक डोळा मिटलेलाच ठेवून धोंडाबाईला विचारलं, "मावशी, पेटारी आणखी कुठं आहे? तसलं पांढरं असलेली?"

"हाय की. मळ्याच्या पल्याड घळीत. जीप जात न्हाई तिकडं, म्हणून ऱ्हायली. पायी जावं लागंल."

"लांब आहे?"

"तुमाला दिसतंय का धड?"

"एकानं दिसतंय. पुरे तेवढं. तुमचं पूर्ण नाव सांगा आधी. भादव्यात पहिल्यांदा सापडला तो तुम्हाला, तसं लिहितो."

"धोंडाबाई मारुती सोनकांबळे," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली. तिनं ओळीखालून बोट फिरवत वाचलं, आणि मान हलवली. गजभारे उठला, चपला झटकल्या. जाता जाता त्याला काहीतरी आठवलं. "सर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अजूनही विद्यार्थ्याचाच होता, "तुम्ही दिल्लीला खोक्यांची यादी पाठवली होतीत. चारशे किडे. त्यातल्या कुठल्या चिठ्ठ्या खऱ्या धरायच्या?"

चारशे चिठ्ठ्या, मोत्यासारखं अक्षर. कुठली विचारून लिहिली, कुठली खिडकीतून बघून लिहिली, गुरुपादप्पांनी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. एकही आठवेना.

"त्यांना काय इचारता," धोंडाबाई तांब्या उपडा करून उरलेले थेंब झटकत म्हणाली. "मी आणलेलं कुठलं कशावरचं, मला म्हाईत हाय. चला आधी, घळीत ऊन जास्त व्हायच्या आत जाऊ. बाकीचं वाटंनं सांगते."

ती पुढे आणि गजभारे तिच्या मागे, एक हात डोळ्यावर धरून, असे ते फाटकातून बाहेर पडले. गुरुपादप्पांना कुणी चला म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. ते लिंबाखाली छत्री धरून उभे होते.